कुणाचा केर, कुणाच्या दारी

आमच्या लहानपणी गावात 'कचरा' हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. केर होता, राख होती, खरकटं होतं, पालापाचोळा होता, चिंध्या होत्या, खापरं होती, मोड होती. प्रत्येकाला नाव वेगळं आणि प्रत्येकाची जायची वाट वेगळी. शेण आणि केर उकिरड्यावर जायचा. राखेनं भांडी घासायची, उरलेली राख वांग्या-मिरच्यांच्या झाडांवर धुरळायची. खरकटं म्हशीच्या आंबोणात. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की पोतेरं व्हायचं आणि पोतेऱ्याचंही काम संपलं की ते चुलीत जायचं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला कडी लावून त्यानं पाणी भरायचं. डालड्याचा डबा परसाकडला न्यायचा. पुढं हे सगळं एकाच पिशवीत कोंबायची सोय झाली आणि मग सगळ्याचं मिळून 'कचरा' हे एकच नाव पडलं.

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. १९७५ साली नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यानंतर दोन वर्षांनी मी बसलो. पुढचं शिक्षण शेतात झालं. त्यामुळं मी सांगणार तो इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. केर कुणी काढला, कुणी उचलला आणि कुठं नेऊन टाकला, एवढाच आहे. तो लिहायला कारणही तसंच घडलं. गेली दोन वर्षं आमच्या ग्रामसभेत कचऱ्याच्या जागेवरून भांडण चालू आहे. त्या भांडणात जो तो उठतो आणि म्हणतो, "पूर्वी असलं काही नव्हतं." पूर्वी काय होतं ते म्हणूनच नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला, मुठा उजव्या कालव्यावरचं. ऊस, कांदा, भाजीपाला पिकवणारं. गावठाणाच्या उगवतीला ओढा, आणि ओढ्याच्या कडेनं ओळीनं उकिरडे. घरटी एक उकिरडा. त्याची हद्द ठरलेली असायची. शेजाऱ्यानं दोन पाट्या इकडच्या तिकडं टाकल्या तरी बायकांची जुंपायची, कारण तो केर नव्हता, ते खत होतं. आमच्या घरी दोन बैल, दोन म्हशी आणि एक गाय. गोठ्यातलं शेण, मुतानं भिजलेली वैरणीची चगळ, अंगणातला केर, चुलीची राख हे सगळं वर्षभर थरावर थर साचायचं. पाऊस त्यावरच पडायचा. कोंबड्या वरून उकरायच्या. वैशाखात खालचा थर काळाभोर, भुसभुशीत झालेला असायचा. मग बैलगाडीला साठ्या लावून खत शेतात ओढायचं. वर्षाला पंधरा-सोळा गाड्या निघायच्या. मुलगी द्यायला आलेली माणसं घराच्या आधी उकिरडा बघत. उकिरडा मोठा म्हणजे जनावरं जास्त, जनावरं जास्त म्हणजे शेती बरी, पोरगी उपाशी मरायची नाही. दिवाळीत आई देवाला, तुळशीला, गोठ्याला दिवा लावायची आणि एक पणती उकिरड्यावरही नेऊन ठेवायची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण उकिरडा रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसांनीच केलेली आहे.

हा उकिरडा भरायचं काम बायकांचं होतं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पहाटे उठून शेणघाण काढणं, पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याला जाणं, परत येऊन हात धुऊन भाकरी थापणं. खत बाप्यांच्या नावावर, पाटी बायकांच्या डोक्यावर. माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते. ती म्हणायची, "ही पाटीची जागा हाय."

सगळ्यांचा उकिरडा सारखा नव्हता. मळ्यातल्या वस्त्यांवर उकिरडा गोठ्यालगत असायचा, त्यांना गाडी जुंपायचीही गरज नसे. ज्यांना जमीन नव्हती, त्यांचा उकिरडा गुडघ्याएवढा. दोन शेळ्यांच्या लेंड्या आणि चुलीची राख, दुसरं काय असणार? ते खत शेतकऱ्याला विकत आणि त्यावर चार पायली जोंधळे मिळत. धनगरांचं तर अजून वेगळं. त्यांना उकिरडा नव्हताच. सुगी झाली की ते मेंढरं घेऊन यायचे आणि ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्याच्याकडून धान्य घ्यायचे. मेंढरांच्या लेंड्यांची आणि मुताची किंमत शेतकरी आनंदानं मोजायचा. एकाच्या घरची घाण ही दुसऱ्याच्या घरचं धान्य होती, आणि दोघांनाही त्यात कमीपणा वाटत नव्हता.

घरातून निघालेल्या बाकीच्या वस्तूंना न्यायला माणसं दारात यायची. पितळी तांब्या फुटला की त्याची मोड व्हायची. मोड घालून वरती थोडे पैसे दिले की बाजारच्या तांबटाकडून नवा तांब्या मिळायचा. डोकं विंचरून निघालेले केस आजी भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. सुया-दाभण विकणाऱ्या बायका आल्या की त्या केसांवर दोन सुया मिळत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तालुक्याच्या गावात फिरायची, आमच्याकडं जत्रेच्या आगेमागे यायची. आम्हा पोरांचा धंदा लोखंडाचा. नांगराचा झिजलेला फाळ, गाडीच्या धावेचा तुकडा, घोड्याची नाल, गंजलेले खिळे गोळा करायचे आणि गारेगारवाल्याला द्यायचे. त्याच्या सायकलला मागं लाकडी पेटी असायची, तीत एका बाजूला गारेगार आणि दुसऱ्या बाजूला भंगार. आज शहरात कचऱ्याचं वर्गीकरण शिकवतात. आम्ही ते गारेगारच्या कांडीवर शिकलो.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की जुना काळ फार शहाणा होता. तसं मला म्हणायचं नाही. वस्तूंना जशा ठरलेल्या वाटा होत्या, तशी त्या वाटेवर चालणारी माणसंही ठरलेली होती, आणि ती त्यांनी स्वतः ठरवलेली नव्हती.

शिंदीच्या पानांची केरसुणी मांगवाड्यातली माणसं वळायची. लक्ष्मीपूजनाला आम्ही ती नवी केरसुणी पाटावर ठेवतो, हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून पाया पडतो. पण ती लक्ष्मी घेऊन येणारी म्हातारी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची आणि आजी तिच्या ओट्यात वरून जोंधळे टाकायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेलेलं जनावर तर त्याहून मोठी गोष्ट. बैल मेला की महारवाड्यात निरोप जायचा. मेलेली ढोरं ओढून नेणं हे महारांच्या वतनी कामात धरलेलं होतं. कातडं ढोरांकडं कमवायला, तिथून चांभाराकडं, आणि चांभाराकडून ते पुन्हा आमच्याच पायातला जोडा आणि आमच्याच विहिरीवरची मोट होऊन यायचं. कचऱ्यातून वस्तू परत येण्याचं याहून पक्कं चक्र आजच्या कोणत्याही कारखान्यात नसेल. पण ते जातीच्या आसावर फिरत होतं. जनावर ओढणाऱ्याची सावलीही नको आणि त्यानं ओढलेल्या जनावराचा जोडा मात्र हवा.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ती सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. ज्या ज्या गावांनी हे काम सोडलं, तिथं बहिष्कार पडले. आमच्या गावात हे काम पुरतं थांबलं ते १९५६ च्या धर्मांतरानंतर. नंतर १९५८ च्या कायद्यानं ही वतनंही गेली. आबा सांगायचे, त्या वर्षी आमच्या भावकीतला एक बैल मेला. निरोप गेला, उत्तर आलं, "आता आम्ही येणार नाय." बैल दोन दिवस ओढ्याकडेला पडून होता. गावात बैठका झाल्या, दमदाटीची भाषा झाली. वास सुटला तेव्हा मालकानंच चार पोरं घेऊन बांधाला खड्डा काढला, खाली-वर मीठ टाकलं आणि बैल पुरला. आबा म्हणायचे, "गाव दोन दिवसांत शिकलं. शिकवायला कुणी तरी नाय म्हणावं लागतं." तेव्हापासून आजतागायत आमच्याकडं जनावर ज्याचं तोच पुरतो. त्या बांधावर नंतर आंबा लावला, तो अजून फळतो.

शहराची गोष्ट निराळी वाटते, पण मुळात तीच. इंग्रजी अमदानीत पुण्याच्या संडासांतला मैला भंगी समाजाच्या माणसांकडून उचलून घेत, तो राखेत-मातीत मिसळून त्याचं सोनखत करत आणि नगरपालिका ते विकत असे. मुठा कालव्याचं पाणी आल्यावर हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि हे खत उसाला जाऊ लागलं. सुरुवातीला शेतकऱ्यांनी नाकं मुरडली, उसाची वाढ बघितल्यावर मागणी सुरू झाली. माझ्या आजोबांच्या तोंडून सोनखताच्या गाड्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. म्हणजे त्या काळात पुणं आम्हाला खत द्यायचं आणि आम्ही पुण्याला गूळ द्यायचो. व्यवहार सरळ होता. फक्त डोक्यावरून मैला नेणाऱ्या माणसाचा हिशेब त्यात कुणी धरला नव्हता. कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रम काढून आप्पासाहेब पटवर्धनांनी तो हिशेब मांडला. स्वतः हातात झाडू घेतला, मैल्याचं खत होईल असे संडास बांधले आणि हे काम एका जातीचं नाही, हे करून दाखवलं. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध देशाचा कायदा मात्र १९९३ मध्ये आला, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

खताचीच गोष्ट निघाली म्हणून दोन नावं सांगतो, शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असावीत म्हणून. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करायची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. दुसरं नाव आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचं. नाडेप काका. जनावरं कमी झाली, शेण पुरेना, तेव्हा थोड्या शेणात जास्त खत कसं करायचं हे त्यांनी दाखवलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असं जाळीचं विटांचं टाकं. त्यात काडीकचरा, माती आणि शेणकाल्याचे थर. शंभर किलो शेणात टाकं भरतं आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. मी १९९६ साली पहिलं टाकं बांधलं. त्याच्या विटा अजून आहेत.

पण तोवर उकिरड्यात दुसरंच काही शिरलं होतं. आधी युरियाची प्लास्टिकची गोणी आली. तिचं आम्ही कौतुकच केलं, पावसात खोळ म्हणून डोक्यावर घेतली. मग दुधाची पिशवी, मग शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी. लग्नात पळसाच्या पत्रावळी गेल्या आणि थर्माकोलच्या ताटल्या आल्या. पत्रावळ गाईनं खाल्ली तरी चालायची. ताटली ना गाय खाते, ना माती खाते. वैशाखात उकिरडा फोडला की खताच्या फावड्याला पिशव्या लोंबू लागल्या. ते खत रानात टाकलं की नांगरटीत पिशव्या वर येत आणि वाऱ्यानं शेजाऱ्याच्या बांधावर जात. शेवटी बऱ्याच घरांनी उकिरडाच सोडला. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दूध पिशवीचं झालं, गोठे मोडले. ओढ्याकडेच्या उकिरड्यांच्या ओळीत आता टपऱ्या आहेत. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. आठवडे बाजारात महिनाभर कापडी पिशव्या दिसल्या, नंतर पुन्हा तेच.

मधल्या काळात सरकारनं गावाकडं बघितलं नाही असं नाही. २००० साली आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बाबा कीर्तनाच्या आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री माणसांच्या डोक्यातला केर काढायचे. अभियानात आमच्याही गावानं हातात खराटे घेतले. सरपंचापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे झाडत होते आणि त्या दिवसांत कोण कुणाच्या आळीतला, हे खरंच कुणी विचारत नव्हतं. अडचण एवढीच, की झाडलेला केर न्यायचा कुठं, याचं उत्तर अभियानात नव्हतं. त्याच साली घनकचऱ्याचे जे नियम झाले तेही नगरपालिका-महापालिकांपुरते. खेड्याला आपला कचरा असतो, हे कागदावर यायला अजून बराच वेळ लागला.

माझा थोरला मुलगा हडपसरला राहतो. त्याच्या इमारतीत रोज सकाळी एक बाई ढकलगाडी घेऊन येते. एकदा मी खाली बसलो होतो, ती ओला-सुका निवडत होती. मी विचारलं, "ताई, गाव कुठलं?"

"उस्मानाबादकडचं, आबा. आता धाराशिव म्हणत्यात. बाहत्तरच्या दुष्काळात आई आली, तवा मी कडेवर हुते."

"गावाकडं काय होतं मग?"

"दुष्काळ हुता," असं म्हणून ती हसली.

तिच्यासारख्या कितीतरी बाया त्या दुष्काळात पुण्यात आल्या. बहुतेक दलित समाजातल्या, हाती जमीन नाही, शिक्षण नाही. त्या रस्त्यावरच्या पेट्यांतून कागद-काच-पत्रा वेचायच्या आणि लोक त्यांना चोर समजायचे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठातल्या कार्यकर्त्या बायकांच्या मदतीनं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढं त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेनं तिच्याशी करार केला. घरटी दर महिन्याला ठरलेले पैसे बाईला मिळतात आणि सुका माल विकून येईल तोही तिचाच. ती मला दाखवत होती. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, मऊ प्लास्टिक वेगळं, कडक वेगळं, पुठ्ठा वेगळा. बाळाचे लंगोट आणि बायकांचे पॅड कागदात गुंडाळून वर लाल टिपका करून द्यायला तिनं घराघरांत शिकवलं होतं. "टिपका आसला की हात लावायच्या आधी कळतं," ती म्हणाली. मला माझ्या आजीची फटीत खोचलेली केसांची गुंडाळी आठवली. वस्तूंना पुन्हा नावं मिळाली होती. फरक असा, की ही बाई उंबऱ्याबाहेर हात पसरून उभी नव्हती. तिच्या गळ्यात कार्ड होतं आणि पैसे थकवणाऱ्या सातव्या मजल्यावरच्या साहेबाला ती खालून हाक मारत होती.

पण तिनं निवडून उरलेला आणि न निवडलेला सगळ्या शहराचा ढीग जायचा कुठं? आधी कोथरूडला जात होता. कोथरूड वाढलं, तिथं बंगले आणि सोसायट्या झाल्या, तेव्हा १९९० नंतर तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडं वळला. ही उरुळी म्हणजे उरुळी कांचन नव्हे, सासवडच्या वाटेवरची. वारी ज्या वाटेनं दिवेघाटाकडं जाते, त्या वाटेवरून कचऱ्याचे डोंगर दिसू लागले. डेपो वाढत वाढत सुमारे १६३ एकरांचा झाला. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांना टँकरनं पाणी पुरवावं लागलं. ढिगाला आगी लागत. गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या त्याची मोजदाद नाही, आणि दर वेळी दोन-चार दिवसांत पुण्यातल्या पेठांत कचरा साचला की वर्तमानपत्रांत ओरड व्हायची. २०१७ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली. २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गाव आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं यावर कागद फिरले, डोंगर होता तिथंच होता. ज्या पट्ट्यात एके काळी पुण्याचं सोनखत मागून नेत होते, त्या पट्ट्यालाच पुण्याचा कचरा नको म्हणून रस्त्यावर बसावं लागलं. खतात आणि कचऱ्यात फरक तो हाच. खत घेणारा मागून नेतो. कचरा, ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या दारात जाऊन पडतो.

आता आमच्या गावचं. १५व्या वित्त आयोगाचा पैसा आला, त्यात स्वच्छतेचा वाटा राखून ठेवलेला होता. ग्रामपंचायतीनं घंटागाडी घेतली. गाडी गाणं लावून येते, चावडी, पेठ, मारुतीचं देऊळ, शाळा असा फेरा मारते. डांबरी संपली की वळते. मळ्यातल्या वस्त्यांवर जात नाही, त्या बांधाला खड्डा करून जाळतात. प्लास्टिक जळाल्याचा वास संध्याकाळी सगळ्या शिवारात भरतो. ओढ्यापलीकडं बौद्धवस्ती आहे, आम्ही लहान असताना ज्याला महारवाडा म्हणत. तिथं गाडी आठवड्यातून एकदा जाते, कारण "पुलावरून वळत नाही." पारधी वस्तीवर कधीच जात नाही. उसाच्या हंगामात बीडकडची ऊसतोड माणसं गायरानात कोप्या घालून पाच महिने राहतात. त्यांच्या तळावर गाडी नाही, पाणी नाही, संडास नाही. ती माणसं आमच्या कोणत्याच यादीत नाहीत.

आणि गाडी रिकामी होते कुठं? याच गायरानात, बौद्धवस्ती आणि पारधी वस्तीच्या मधे. आधी तात्पुरतं म्हणून टाकलं. दोन वर्षांपूर्वी ती जागा कायमची डेपोला द्यायचा ठराव आला. कारण काय तर "जागा मोकळी आहे." ग्रामसभेत पलीकडच्या वस्तीतली एक बाई उठली. साठीच्या पुढची, माझ्याच बरोबरीची. म्हणाली, "भाऊसाहेब, गाडी आमच्याकडं उचलायला आठवड्यातनं एकदा येती, आन टाकायला रोज येती. हिला पूल रोज गावतो, एकाच कामाला गावत नाय व्हय?" ग्रामसेवकांनी खाली बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पूर्वी असलं काही नव्हतं, आता सगळ्यालाच आडवं जायची सवय झालीय." तेव्हा मला आबांचा तो बैल आठवला. पूर्वीही होतंच. पूर्वी नाही म्हणायची सोय नव्हती.

मी सभेत बोललो ते असं. गावचा कचरा एका जागी नेला तर तो कुणाच्या तरी दारातच पडणार. म्हणून तो नेऊच नये. ज्या आळीचा ओला केर, त्या आळीतच त्याचं नाडेपचं टाकं. आमच्या आळीसाठी माझ्या मळ्याच्या रस्त्याकडची एक गुंठा जागा मी देतो. सुकं सगळं पंचायतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चावडीच्या नाकासमोर ठेवायचं. तिथं ठेवलं म्हणजे ते वेळेवर विकलं जाईल, कारण वास आला तर पहिला आपल्यालाच येईल. निवडायला दोन माणसं ठेवायची, पगारावर, हातमोज्यासकट. ती कोणत्या वस्तीतली असावीत हे आधी ठरवायचं नाही, जाहिरात लावायची. गाडी वस्त्यांवर जाणार नसेल तर ट्रॉली पाठवायची. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं निवडून निवडून कचऱ्याचा डेपो असा केला, की माणसं सहलीला बघायला जातात. ते गाव आमच्यापेक्षा मोठं आहे. त्यांना जमतं तर सातशे उंबऱ्याच्या गावाला का जमू नये?

काही जण हसले. एक जण म्हणाला, "नाना, चावडीपुढं कचरा? पाहुणेरावळे येतात, काय म्हणतील?" मी म्हटलं, "पलीकडच्या वस्तीत पाहुणे येत नाहीत का?"

तो ठराव त्या दिवशी झाला नाही. नंतरच्या दोन सभांत गणसंख्या भरली नाही. पण डेपोचा ठरावही अजून मंजूर झालेला नाही, आणि आमच्या आळीत टाकं मात्र उभं राहिलं आहे. अकरा घरं त्यात केर आणून टाकतात. पहिलं खत निघालं ते वाट्यानं वाटून घेतलं, आणि वाटणीवरून दोन बायकांची जुंपली. मला बरं वाटलं. केरावरून भांडण होतंय म्हणजे तो परत खत झाला. ओढ्यापलीकडच्या वस्तीनंही टाक्यासाठी विटा मागितल्या आहेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुक्या कचऱ्याच्या शेडचा विषय पुन्हा घ्यावा म्हणून आम्ही बावीस जणांनी सह्या करून अर्ज दिला आहे. त्यात पुलापलीकडच्या नऊ सह्या आहेत. एक सही अंगठ्याची आहे, ती पारधी वस्तीतली.